तिळांत मुरलेला मोगरा: घरी फुलेल कसं करायचं

मोगऱ्याची कळी झाडावरून खुडली तरी तिचं काम थांबत नाही. संध्याकाळ झाली की ती उमलते आणि रात्रभर वास सोडत राहते. जाई, जुई, चमेली आणि निशिगंध यांचंही तसंच. खुडताना फुलात जेवढा वास असतो त्याहून कितीतरी जास्त वास ती पुढच्या काही तासांत तयार करतात. फुलेलाची, म्हणजे फुलांनी वासवलेल्या तिळांच्या तेलाची, सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे. फूल जिवंत आहे तोवर त्याच्या शेजारी काहीतरी स्निग्ध ठेवायचं, म्हणजे बाहेर पडणारा वास त्यात धरला जातो. त्यासाठी फूल वाटायचं नाही, पिळायचं नाही आणि शिजवायचं तर मुळीच नाही.

हे आधीच सांगतो, कारण घरगुती सुगंधी तेलाच्या बहुतेक कृती नेमकं उलटं करायला सांगतात: खोबरेल तापवा, त्यात मोगऱ्याची फुलं टाका, मंद आचेवर फुलं काळी पडेपर्यंत ठेवा. असं केलं की फुलाचा हलका, वरचा वास वाफेबरोबर घरभर पसरतो आणि भांड्यात उरतो तो शिजलेल्या पाल्याचा वास. स्वयंपाकघर घमघमतं, तेल मात्र फसतं. औषधी तेलं आचेवर सिद्ध करतात ती वेगळ्या कामासाठी. नाजूक फुलाचा वास हवा असेल तर आचेचं नाव काढू नये.

तीळच का

भारतात फुलांचा वास धरण्याच्या जुन्या रीती मुख्यतः दोन. एक उत्तर प्रदेशातल्या कन्नौजची, देग-भपक्याची (देग म्हणजे फुलं उकळायचं भांडं, भपका म्हणजे वाफ उतरवायचं भांडं). तिच्यात फुलं पाण्यात उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात. त्यातून अत्तर होतं. दुसरी तिळांची. तीळ आणि ताजी फुलं थरावर थर रचून ठेवायची, फुलं रोज बदलायची आणि तिळांत वास भरला की ते घाण्यात घालून तेल काढायचं. हे फुलेल. जौनपूरचं चमेलीचं तेल याच रीतीमुळे नावाजलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त, राजाच्या अभ्यंगासाठी फुलांनी वासवलेल्या तिळांच्या तेलाचा उल्लेख येतो. रीत तेव्हाही रुळलेली होती.

तिळाची निवड फार विचाराने झालेली आहे. तिळाच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं, म्हणजे वास धरायला भरपूर जागा. पण ते तेल दाण्याच्या आत असतं, त्यामुळे फूल त्यात बुडत नाही. दाण्यांच्या फटींतून हवा खेळत राहते आणि फुलाला श्वास घेता येतो. तेच फूल थेट तेलात टाकलं तर हवा तुटते, ते लवकर मरतं आणि अंगातलं पाणी तेलात सोडतं. शिवाय तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारे घटक मुळातच असतात, म्हणून ते इतर अनेक तेलांपेक्षा जास्त टिकतं. फ्रान्समध्ये ग्रास इथले अत्तरवाले काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर चमेलीची फुलं मांडायचे. तत्त्व तेच. पण चरबीपेक्षा तीळ हाताळायला सोपे, स्वच्छ आणि कोरडे. मला विचाराल तर घरच्यासाठी याहून चांगली रीत नाही.

फुलं कधी आणि कशी घ्यायची

पहिल्यांदा करताय तर मोगराच घ्या. उन्हाळ्यात तो भरपूर मिळतो आणि हवा कोरडी असल्यामुळे बुरशीची भीती कमी असते. पावसाळ्यात जाई-जुईचा बहर मोहात पाडतो खरा, पण हवेतला दमटपणा आणि भिजलेली फुलं या कामाच्या मुळावर येतात. हात बसल्यावरच पावसाळ्यातली फुलं घ्यावीत.

मोगऱ्याच्या कळ्या दुपारी खुडलेल्या हव्यात. पांढऱ्या, फुगीर, टपोऱ्या, त्याच रात्री उमलतील अशा. हिरवट कळी उमलत नाही आणि तिच्यातून कच्चा, गवताळ वास येतो. सकाळी पूर्ण उमललेलं फूल मिळालं तर त्याचा अर्धाअधिक वास आदल्या रात्रीच उडून गेलेला असतो. म्हणून बाजारातून घेत असाल तर फुलवाल्याला आजच्या कळ्या आहेत का ते विचारा आणि एक कळी नखाने उघडून बघा. पाकळ्यांच्या कडा तपकिरी असतील तर घेऊ नका.

बाजारात कळ्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी मारतात. अशा कळ्या घरी आणल्यावर सुती पंच्यावर पसरून ठेवाव्यात, वरून दुसरा पंचा हलकेच टिपावा आणि तासभर सावलीत कोरड्या होऊ द्याव्यात. धुवायच्या नाहीत. देठ आणि हिरव्या निदलांचे तुकडे जमेल तितके काढावेत. गजरे उसवून फुलं वापरू नयेत, दोऱ्याच्या फासात पाकळ्या दबलेल्या असतात आणि दबलेली जागा आधी काळी पडते.

फवारणीचाही विचार करा. फुलशेतीत कीटकनाशकं वापरतात आणि ती तेलात उतरू शकतात. दारात झाड असेल किंवा ओळखीच्या बागेतली फुलं मिळत असतील तर तीच घ्यावीत, भले कमी पडली तरी.

तिळांची तयारी

१ किलो पांढरे तीळ घ्या, न भाजलेले आणि नव्या पिकाचे. चिमूटभर चावून बघा. जिभेवर जराही कडवट किंवा खवट लागले तर परत करा, कारण पुढची सगळी फुलं त्या खवटपणावर वाया जातील. काळे तीळ या कामाला नकोत, त्यांचा स्वतःचा वास फार उग्र असतो.

टरफल काढलेले पॉलिशचे तीळ मिळाले तर काम सोपं होतं. साधे तीळ असतील तर ४-५ तास पाण्यात भिजवा, गोणपाटावर किंवा खडबडीत कापडावर चोळा आणि पाण्यात टाकून वर तरंगणारी टरफलं काढून टाका. तीन-चार पाण्यांत असं केलं की तीळ पांढरेशुभ्र होतात. मग ते उन्हात पातळ पसरून पूर्ण वाळवायचे. दोन कडक उन्हं लागतात. वाळल्याची खूण दातांत: तीळ कुरकुरीत फुटला पाहिजे, चिवट वाटता कामा नये. या टप्प्यावर घाई करू नका. अर्धवट वाळलेल्या तिळांत फुलांची ओल शिरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, आणि तो वास पुढे काही केल्या जात नाही.

वाळलेले तीळ सावलीत गार होऊ द्या. गरम तिळांवर कळ्या टाकल्या तर त्या उमलण्याआधीच मलूल होतात.

सामान

फार काही लागत नाही. ४०-४५ सेंटिमीटरची एक स्टीलची परात, ती झाकायला तेवढंच मोठं ताट किंवा दुसरी परात, तीन-चार धुतलेले सुती पंचे, गव्हाची चाळण, एक सूप, आणि घट्ट झाकणाची मोठी काचेची बरणी. तांब्या-पितळेची किंवा लोखंडाची परात टाळा, हे धातू तेलाला लवकर खवट करतात. प्लॅस्टिकही नको, ते वास पिऊन घेतं आणि आधी त्यात जे काही ठेवलं असेल त्याचा वास परत देतं.

पंचे धुताना सुगंधी साबण किंवा कपडे मऊ करणारं द्रावण वापरलेलं नसावं. खोलीत उदबत्ती, फोडणी, फिनेल, डांबरगोळ्या यांतलं काही नको. तीळ फुलाचा वास जितक्या तत्परतेने धरतात तितक्याच तत्परतेने लसणाचाही धरतात.

थर लावणं

संध्याकाळी ५-६च्या सुमारास सुरुवात करावी, कळ्या उमलायच्या आत. परातीत अर्धे तीळ पसरा. त्यावर ३०० ते ४०० ग्रॅम कळ्या एकसारख्या मांडा. ढीग करू नका. कळी कळीला टेकली तर चालेल, पण कळ्यांवर कळ्यांचे तीन-चार थर झाले तर मधल्या कळ्या घुसमटतात. वर उरलेले तीळ हलक्या हाताने भुरभुरा. दाबायचं नाही. उमलताना कळीला जागा लागते, सकाळी बघाल तर तिळांचा वरचा थर जागोजागी उचललेला दिसेल.

आता परातीवर कोरडा पंचा ताणून बांधा आणि त्यावर ताट पालथं घाला. हा पंचा महत्त्वाचा. फुलं रात्रभर ओल सोडतात, ती वर जाऊन ताटाला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. पंचा ती ओल पितो. रोज नवा, पूर्ण वाळलेला पंचा घ्यायचा. परात अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा.

सकाळी ७-८ वाजता, म्हणजे १३ ते १५ तासांनी, फुलं काढायची. हा वेळ पाळाच. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा एक घटक असतो. थोडा असतो तोवर तोच फुलाला गोड गुंगी देतो, पण फूल कोमेजत गेलं की वासाचा तोल बिघडतो आणि तो जड, कुबट होतो. पाकळ्या तपकिरी व्हायच्या आत त्या तिळांपासून वेगळ्या झाल्या पाहिजेत. जास्त वेळ ठेवल्याने जास्त वास मिळेल असं वाटतं, पण मिळतो तो मेलेल्या फुलाचा वास.

गव्हाच्या चाळणीतून तीळ खाली पडतात, फुलं वर राहतात. पाकळ्यांचे बारीक तुकडे, परागाची तुसं सुपात पाखडून काढा. मग तीळ पंच्यावर पातळ पसरून तासभर सावलीत राहू द्या, म्हणजे रात्रीची ओल निघून जाईल. पंख्याखाली नको, आणि तासाच्या वर उघडेही नकोत, कारण ओलीबरोबर वासही जातो. तासाभराने बरणीत भरून झाकण लावा. संध्याकाळी पुन्हा ताज्या कळ्या, पुन्हा थर.

काढलेली फुलं अजून थोडी वासाची असतात. ती अंघोळीच्या पाण्यात टाका किंवा कपड्यांच्या घडीत ठेवायला वाळवा, पण पुन्हा तिळांत घालू नका.

किती दिवस

सातापेक्षा कमी थरांत काही हाती लागत नाही. दहा-बारा थर झाले तर उत्तम. मधे एखाद्या दिवशी फुलं मिळाली नाहीत तर हरकत नाही, तीळ बंद बरणीत थांबतात. शिळ्या फुलांनी खाडा भरून काढण्यापेक्षा खाडा झालेला बरा.

पुरे झालं कधी म्हणायचं, हे नाकाने ठरवायचं, पण नाक रोजच्या वासाला सरावतं आणि फसवतं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दर थरानंतर चमचाभर तीळ छोट्या काचेच्या बाटलीत बाजूला काढा आणि चिठ्ठी लावा: पहिला, दुसरा, तिसरा. पाचव्या दिवसापासून आजचे तीळ आणि दोन दिवसांपूर्वीचे तीळ तळहातांवर वेगवेगळे चोळून दहा मिनिटांनी हुंगा. हुंगण्याआधी दारात जाऊन थोडी मोकळी हवा घ्या. दोन्हींमध्ये फरक कळेनासा झाला की तिळांनी घ्यायचं तेवढं घेतलं.

तेव्हा तीळ बरणीत घट्ट बंद करून तीन दिवस ठेवा. दाण्याच्या कडेला धरलेला वास या दिवसांत आतल्या तेलात मुरतो. रोज एकदा बरणी हलवून दाणे खालीवर करावेत. झाकणाच्या आतल्या बाजूला जराही दमट वाटलं तर तीळ काढून पुन्हा तासभर सावलीत पसरा.

तेल काढणं

या कामाला लाकडी घाणा सर्वांत चांगला. त्यात तेल फारसं तापत नाही. अडचण एवढीच की घाण्याला एका वेळी बरेच किलो तीळ लागतात आणि १-२ किलोसाठी कोणी घाणा लावत नाही. चार-पाच घरांनी मिळून एकत्र फुलेल करायचं ठरवलं तर ते जमतं, आणि फुलं निवडायलाही हात मिळतात.

घाणेवाल्याशी आधी बोलून ठेवा. त्या दिवशी पहिली पाळी तुमची हवी, किंवा तुमच्या आधी साधे तीळ गाळलेले असावेत. शेंगदाण्यानंतर लगेच फुलेलाचे तीळ घातले तर मोगऱ्याला शेंगदाण्याचा वास येईल. तीळ गाळताना घाण्यात थोडं पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर तेल सुटत नाही. त्या पाण्याची काळजी नंतर घेता येते, पण ते साधं, स्वच्छ असावं. गूळ वगैरे घालायची पद्धत असेल तर नको म्हणून सांगा.

घाणा जवळ नसेल तर घरगुती तेल काढायचं यंत्र चालतं. यंत्र तापवून चालवायची सोय असते, ती बंद ठेवा किंवा अगदी कमीवर ठेवा. तीळ थोडे थोडे सोडा आणि यंत्र हाताला चटका देण्याइतकं गरम वाटलं तर थांबा. तेल थोडं कमी निघेल. १ किलो तिळांतून घरच्या यंत्रावर ३५०-४०० ग्रॅम तेल मिळालं तर समाधान मानावं.

ताजं तेल गढूळ असतं. ते उंच, अरुंद काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, आणि अंधारात ८-१० दिवस हलवू नका. खाली गाळ आणि पाणी बसतं. वरचं नितळ तेल अलगद दुसऱ्या कोरड्या बरणीत ओता, तळाचं बोटभर सोडून द्या. मग दुहेरी मलमलीतून किंवा कापसाच्या पातळ थरातून गाळा. ते तेल महिनाभर तसंच राहू द्यावं. सुरुवातीला तिळाचा वास पुढे पुढे करतो, म्हणून पहिल्या दिवशी हुंगून निराश होऊ नका.

घाणा नाही, यंत्र नाही

मग थेट तेलात. वास तिळांच्या रीतीइतका खोल येत नाही, पण नीट केलं तर छान तेल होतं. लाकडी घाण्याचं, न भाजलेल्या तिळांचं फिकट तेल २५० मिलिलिटर घ्या. रुंद तोंडाच्या बरणीत ५०-६० ग्रॅम कोरड्या मोगऱ्याच्या कळ्या घाला आणि त्या बुडतील एवढं तेल ओता. रात्रभर ठेवा, सकाळी मोठ्या गाळणीत निथळू द्या. फुलं पिळायची नाहीत, पिळलं की फुलातलं पाणी तेलात येतं. निथळलेलं तेल दिवसभर स्थिर ठेवा, तळाशी पाण्याचे थेंब जमलेले दिसले तर वरचं तेल तेवढं ओतून घ्या आणि संध्याकाळी नव्या कळ्या घाला. असं १२ ते १५ वेळा.

प्रत्येक फेरीत थोडं तेल फुलांबरोबर जातं. शेवटी २५०चे १८०-२०० मिलिलिटर उरतात. मधे साधं तेल घालून भर करू नका, जमवलेला वास पातळ होतो.

निशिगंधासाठी तिसरा मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. थंडीच्या दिवसांत वास काढलेलं, शुद्ध केलेलं खोबरेल पसरट काचेच्या ताटात अर्धा सेंटिमीटर जाडीचं थिजवा, सुरीने त्यावर बारीक चरे ओढा आणि निशिगंधाची सुटी फुलं तोंड खाली करून त्यावर मांडा. दुसरं ताट पालथं झाका. निशिगंध चमेलीपेक्षा जास्त वेळ वास सोडत राहतो, म्हणून त्याला दीड-दोन दिवस द्यावेत. फुलं चिमट्याने उचलून नवी ठेवा. दहा-बारा वेळा झाल्यावर खोबरेल खरवडून बरणीत भरायचं. वितळवायचंच असेल तर कोमट पाण्यात बरणी ठेवून. थिजलेल्या स्थितीत ते अत्तरासारखं मनगटावर लावायला मऊसूत लागतं.

बाकीची फुलं

जाई आणि चमेली पहाटे खुडलेली घ्यावी आणि लगेच थरात घालावी. त्यांना ८-१० तास पुरतात, संध्याकाळी काढून टाका. जुई फार बारीक असते, चाळताना तिळांबरोबर खाली पडते. तिच्यासाठी मलमलीची सैल पुरचुंडी करून तिळांत पुरावी.

सोनचाफा देखणा, वासाला भारी, पण हळवा. पाकळ्या सुट्या करून घातल्या तर कडा लगेच तपकिरी होतात. अख्खं फूल ठेवा आणि ६-८ तासांत काढा. चाफ्याचा वास मिळवणं पूर्वीच्या लोकांनाही अवघड वाटत असावं, कारण वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त चाफ्याच्या वासाचं तेल करायची कृती आहे आणि तिच्यात चाफा नाहीच! मंजिष्ठा, दालचिनी, कुष्ठ वगैरेंची पूड तिळाच्या तेलात घालून ते उन्हात तापवायचं. ६व्या शतकातलं हे कृत्रिम अत्तरच म्हणायचं.

बकुळीची गोष्ट उलटी. ती वाळल्यावरही महिनोन्‌महिने वास धरून ठेवते, त्यामुळे रोज नव्या फुलांची धावपळ लागत नाही. सावलीत वाळवलेली १०० ग्रॅम बकुळफुलं ४०० मिलिलिटर तेलात घालून बरणी तीन-चार आठवडे उबदार जागी ठेवली, अधूनमधून हलवली, की सुरेख तेल होतं. ज्यांना रोज संध्याकाळी वेळ नाही त्यांनी बकुळीपासून सुरुवात करावी.

केवडा जपून. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात केवड्याचं मोठं काम चालतं, आणि तिथेही वास मिळतो तो फक्त नर झाडाच्या कणसाचा. एक कणीस १ किलो तिळांना भरपूर झालं. मधल्या नाजूक पात्या कापून घाला, वरची काटेरी पानं नकोत. केवडा एकटा उग्र वाटतो. मोगऱ्याच्या थरांमध्ये एक दिवस त्याचा दिला तर वासाला उठाव येतो.

पारिजातकाच्या वाटेला जाऊ नये. पहाटे गळलेलं फूल तासा-दोन तासांत मलूल होतं आणि तिळांच्या पदरात फारसं काही पडत नाही.

गुलाबाचं काय

गुलाब तिळांत निराश करतो, आणि त्याला कारण आहे. तो खुडल्यावर नवा वास तयार करत बसत नाही. जे आहे ते पाकळीत साठवलेलं असतं आणि तासागणिक कमी होत जातं. म्हणून तो पहाटे खुडून लगेच भट्टीला लावतात. कन्नौजची रीत इथे कामी येते.

तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकणाच्या फटी माती आणि कापसाच्या लगद्याने बंद करतात. देगेतून चोंगा म्हणजे दोरी गुंडाळलेली बांबूची नळी निघते आणि गार पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात जाते. भपक्यात आधीच चंदनतेल असतं. फुलांची वाफ तिथे गार होऊन उतरते, वास चंदनतेलात शिरतो, पाणी खाली बसतं. भपका हाताने फिरवून, हौदाच्या पाण्याची ऊब अजमावून आच कमी-जास्त करतात. तापमापक नसतो. पाणी तळातून काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पण चंदनतेल तेच. असं कित्येक दिवस चाललं की अत्तर तयार होतं. तयार अत्तर पूर्वी उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत ठेवत, त्यातून उरलंसुरलं पाणी झिरपून जाई.

हे घरी कुकरला नळी जोडून करायचा प्रयत्न करू नका. दाबाखालची वाफ धोकादायक असते, आणि काही किलो गुलाबांतून घरी तेल म्हणावं इतकं काही हाती लागत नाही. १ किलो गुलाबतेलाला काही टन फुलं लागतात. घरी गुलाब हवाच असेल तर वासाच्या देशी गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवून बकुळीसारख्या तेलात मुरवा. वास मंद येतो, मधाळ. तेवढ्याची अपेक्षा ठेवली तर आवडतो.

बिघडलं तर ओळखायचं कसं

तेलाला आंबूस वास आला तर कुठेतरी पाणी राहिलं. तळाशी थेंब दिसत असतील आणि वास नुकताच लागला असेल, तर वरचं तेल वेगळं करून वाचतं. तिळांच्या थरात मात्र पांढरी-करडी बुरशी दिसली तर सगळे तीळ टाकून द्या. वरवरची बुरशी काढून पुढे जायचा मोह होतो, पण असे तीळ कातडीलाही लावू नयेत. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तेल खवट झालं, त्याला उपाय नाही. गवताळ वास म्हणजे हिरव्या कळ्या आणि देठ. हा दोष केसांच्या तेलात चालून जातो.

वास चांगला पण फिका असेल तर थर कमी पडले किंवा फुलं उशिरा घातली. अशा तेलात शुद्ध चंदनतेल १०० मिलिलिटरला ३-४ मिलिलिटर घालून बघा. चंदन स्वतः मागे राहतं आणि फुलाचा वास कातडीवर जास्त वेळ धरून ठेवतं. ते महाग आहे, आणि बाजारात भेसळही फार. खात्रीचं मिळालं नाही तर खसाचं अत्तर दोन-चार थेंब वापरावं, मोगऱ्याला ते छान साथ देतं. कृत्रिम सुगंध घालून वास ‘वाढवू’ नका, मग एवढी रात्रीची जागरणं कशासाठी?

ठेवणं आणि वापरणं

छोट्या, गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या घ्या, पूर्ण कोरड्या. मोठ्या बाटलीतून रोज थोडं काढत राहिलं तर वरची रिकामी हवा तेल खराब करते. बाटलीवर फूल, थरांची संख्या आणि तेल काढल्याची तारीख लिहा. गार, अंधाऱ्या जागी वर्षभर सहज टिकतं. ओला हात किंवा ओला कापूस बाटलीत जाऊ देऊ नका.

हे तेल फक्त लावण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी दूर राहावं. लहान बाळांना लावू नये. फुलेलाचा वास अत्तरासारखा दुरून येत नाही, तो जवळच्यांपुरता असतो. केसांना, मानेला, मनगटाला थोडं लावावं. अत्तरासारखा फाया करून कानात ठेवायचं तर कापसाला अगदी एक थेंब पुरे, नाहीतर तेल ओघळतं.

विकतचं फुलेल किंवा चमेलीचं तेल घेताना आधी घटकांची यादी वाचा. ‘लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ पहिल्या जागी असेल तर ते खनिज तेल आहे आणि वास वरून घातलेला. खऱ्या फुलेलात फुलामागे तिळाचा मंद वास असतोच, आणि त्याचा रंग फिकट पिवळा असतो.

तेल काढल्यावर उरलेली पेंडही टाकू नका. तिच्यात तेल आणि वास दोन्ही उरलेले असतात. ती सावलीत वाळवून, कुटून, डाळीच्या पिठात किंवा शिकेकाईत मिसळून अंगाला आणि केसांना लावता येते. दोन महिन्यांत संपवावी, त्यानंतर ती खवट होते.